शनिवारची हवा

चुडामण सरोदे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी, चपला काढून, धुतलेले हात वाऱ्यावर वाळवत उभे होते. मी टॉवेल पुढे केला. म्हणाले, "नको मॅडम, टॉवेलाचे धागे कागदाले लागतात." कामावर येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते.

काम होतं जळगावातली हवा मोजण्याचं. हायवेलगतच्या एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीसारखं यंत्र होतं. ते हवा ओढायचं आणि हवेतली बारीक धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसायची. लावण्याआधी कागद तोलायचा, आठ तासांनी काढून पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, चोवीस तास हे चालायचं. ते काम सरकारने आमच्या कॉलेजकडे दिलं होतं, आकडे सरकारकडे जायचे. मी तिथे रसायनशास्त्र शिकवत असे. तोलणं आणि आकडे लिहिणं माझ्याकडे, कागद लावणं-काढणं चुडामणभाऊंकडे.

फैजपूरजवळच्या खेड्यातला हा माणूस. तरुणपणी केळीचे घड वाहून कंबर गेली, म्हणून बायको आणि मुलीला घेऊन शहरात आला. शिक्षण सातवी. पण अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक कागद चुरगाळला नाही. वीज गेली की किती वाजता गेली, किती वाजता आली, हे ते हातावर पेनाने लिहून आणायचे, कारण तेवढा वेळ यंत्र बंद असायचं आणि हिशेब चुकायचा. कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावायचे नाहीत.

त्याच इमारतीच्या खाली, सर्व्हिस रोडच्या कडेला, त्यांची बायको सुगंधाबाई भाजी विकायला बसायची. मेथी, गिलके, हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी. गच्चीच्या कठड्यावरून वाकलं की तिची निळी छत्री दिसायची. दुपारी ती झाकणाच्या डब्यात चहा वर पाठवायची, कधी स्वतः घेऊन यायची. पायऱ्या चढताना मोठ्याने बोलायची, म्हणजे भाऊ बिडी-बिडी ओढत असतील तर त्यांनी लपवावी. भाऊ बिडी ओढत नव्हते. तो त्या दोघांचा जुना विनोद होता.

एकदा मी गच्चीवर असताना ती वर आली. मी तिला कागद दाखवला. पावसाळ्यात तो मळक्या साखरेसारखा निघायचा, हिवाळ्यात तव्याच्या बुडासारखा. तिने पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच? माही मेथी धुतलेलं पानी याहून काळं ऱ्हातं."

तिचा खोकला कधी सुरू झाला ते नेमकं कोणालाच सांगता आलं नाही. एका हिवाळ्यात होता, उन्हाळ्यात गेला. पुढच्या हिवाळ्यात आला तो गेलाच नाही. मग चहा वर येईना, भाऊच खाली जायला लागले. एका सोमवारी कागद माझ्या हाती देताना त्यांनी विचारलं, "मॅडम, वर गच्चीवर इतकं बसतं, तं खाली रस्त्यावर किती बसत असंन?"

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. रस्त्याच्या पातळीला जास्त असतं, हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत दबून राहते, धूर आणि धूळ वर जात नाही, ऊन चढल्यावर जरा मोकळं होतं. ते ऐकत राहिले.

"आन् आपन हे आकडे धाडतो, ते वाचून कोनी काही करतं का?"

"उपाय होतात," मी म्हणाले. "वेळ लागतो."

मला तेव्हा तसं खरंच वाटत होतं की नाही, आता आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं का. नाही. चूल? बारा वर्षांपासून गॅस. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं मात्र तीस वर्षं बिडी ओढल्यासारखी झाली आहेत. फवाऱ्याचं औषध दिलं, ते सतत जवळ ठेवायला सांगितलं, आणि रस्त्यावर बसणं सोडा म्हणाले.

मी तिला चांगले मास्क नेऊन दिले. रुमालाने बारीक धूळ अडत नाही हे समजावलं. नाकावरची पट्टी दाबून, गालाशी फट न ठेवता मास्क कसा बसवायचा ते तिच्याच तोंडावर लावून दाखवलं. शक्य तर दहानंतर बसा, असंही सांगितलं. तिने आठ दिवस मास्क लावला. मग काढला. भाऊंनी सांगितलं, "गिऱ्हाईकाले वाटते हिले टीबी शे. शेजारच्या कमलबाईकडून घेतात आन् हिच्याकडं पाहात पाहात जातात."

त्यानंतर ती आतल्या गल्लीत बसायला लागली. तिथे झाडं होती, ट्रक येत नव्हते. गिऱ्हाईकही येत नव्हतं. सकाळी मांडलेली मेथी संध्याकाळी तशीच सुकून घरी यायची. महिन्याभरात ती घरातच बसली. मुलगी मयुरी लग्न होऊन शिंदखेड्याला गेलेली, घरात दिवसभर बोलायला कोणी नाही. खोकला कमी झाला होता, पण जेवण सुटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका रविवारी भाऊंनीच टोपली झटकली, छत्री काढली आणि म्हणाले, "जाय. बस तढी. घरात पडून मरण्यापेक्षा चार मान्सांत तं राहशील."

हे वाक्य त्यांनी मला नंतर कितीदा सांगितलं त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी शब्द तेच असायचे, एकही कमी-जास्त नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी हायवेवर पुढचा सिग्नल दिसत नव्हता. लोक त्याला धुकं म्हणत होते. शनिवारी यंत्र बंद असायचं, म्हणून भाऊ कॉलेजात बाटल्या धूत होते. नऊच्या सुमारास कमलबाईचा फोन आला. सुगंधाबाईला श्वास घेता येत नव्हता. फवारा घरी राहिला होता, आदल्या रात्री उशाशी ठेवलेला. कमलबाईने रिक्षात घातलं. भाऊ माझ्या गाडीवर मागे बसून निघाले, हातांना साबणाचा फेस तसाच. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा कमलबाई बाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर सुगंधाबाईच्या चपला होत्या. आम्हाला पाहून ती उठली नाही. तेवढ्यावरून कळलं.

तेरावं झाल्यावर भाऊ कामावर आले. नेहमीसारखे हात धुतले, वाळवले. कागद लावून आले, आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, त्या शनिवारी किती व्हतं?"

"शनिवारी आपण मोजत नाही ना, भाऊ."

"म्हंजे त्या दिवसाचं काईच नाही?"

"गुरुवारचं आहे." मी वही उघडली. दिवसभराची मर्यादा शंभर, गुरुवारी तीनशे बारा.

"गुरुवारी तं ती जित्ती व्हती," ते म्हणाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा कमी भरला. प्रत्येक कागदावर नंबर असतो, मोजून येतात. मी विचारलं तर त्यांनी काही लपवलं नाही. पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर ठेवली, एकेका पाकिटावर तारीख. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. ते रोज यंत्र चालवत होते.

"असं चालत नाही, भाऊ," मी म्हणाले. "हे आकडे कोणी धरणार नाही. वर्षाचे कागद संपले तर मी काय उत्तर देऊ?"

त्यांनी पाकिटं तारखेप्रमाणे ओळीने लावली. मग म्हणाले, "मॅडम, ती काय सोमवारी आन् गुरुवारीच श्वास घेत व्हती का?"

तरी मी त्यांना थांबवलं. नियम होता, आणि माझी सही होती. त्यांनी पेटीच्या कुलुपाची किल्ली टेबलावर ठेवली, पाकिटं माझ्याकडे सरकवली आणि नमस्कार केला. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. मयुरी येऊन त्यांना शिंदखेड्याला घेऊन गेली होती.

ती पाकिटं फेकायला हात होईना. एका सुट्टीच्या दिवशी मी दार लावून ते सगळे कागद तोलले. अकरा कागद होते. आधीची वजनंही भाऊंनी स्वतःच घेऊन, पाकिटांच्या कोपऱ्यात पेन्सिलने, चार दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवली होती. तराजूला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. पाहून पाहून शिकले होते. अकराही दिवस मर्यादेच्या वर होते. ते आकडे मी कुठेच पाठवले नाहीत.

गेल्या जानेवारीत बँकेच्या कामासाठी भाऊ जळगावला आले. वाळले होते, पांढरी दाढी आलेली. काम आटोपल्यावर म्हणाले, हायवेवर, ती बसायची तिथं जाऊन येऊ. सुगंधाबाईच्या जागेपर्यंत आता कमलबाईचं दुकान पसरलं होतं. तिच्या तोंडाला पदर, डोळे लाल. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. खिशातून मास्कचं पाकीट काढलं, एक स्वतःच्या तोंडावर लावून पट्टी दाबून दाखवली आणि बाकीचे तिच्या टोपलीशेजारी ठेवले.

"सकाळी लवकर येऊ नको, बाई," ते म्हणाले. "दहानंतर ये."

"दहाले गिऱ्हाईक कुठी ऱ्हातं, भाऊ?" कमलबाई म्हणाली. चेष्टेने नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

एक बाई गिलके घ्यायला आली, तेव्हा भाऊंनीच तराजू उचलून तिला तोलून दिले. दुपारच्या पॅसेंजरला अजून तासभर होता. तेवढा वेळ ते तिथेच, रस्त्याकडे पाठ करून बसून राहिले.