तांबडा आणि गरीब

कळंबच्या आनंदीबाईला अन्याय खपत नसे. आळीतली दोन पोरं भांडली, तरी ती काही न विचारता रडणाऱ्याची बाजू घेई.

अडुसष्टच्या पावसाळ्यात तिच्या शिराळ्यांच्या वेलांच्या मांडवाशेजारी, कुंपणाच्या खांबावर एक सरडा बसू लागला. डोकं आणि गळा लालभडक, आणि सारख्या उठाबशा. तिला तो माजोरी वाटला. तिनं दगड भिरकावला तसा तो खांबामागं गेला. थोड्या वेळानं खांबाच्या बुडाशी एक मातकट सरडा अंग चोरून बसलेला दिसला.

"ह्यो बिचारा गरीब हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तांबडा त्याला वर चढू देत नाय."

आबाजी गवत काढत होता. तो नुसता हं म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. तांबडा दिसला की दगड. गरिबाच्या बाजूचं गवत मात्र ती आबाजीला उपटू देईना, त्याला किडे मिळावेत म्हणून.

एका उघडिपीच्या दुपारी दगड सरड्याच्या अगदी शेजारी आपटला. तांबडा पळाला नाही, भिऊन खांबालाच चिकटून राहिला. तिच्या डोळ्यांदेखत गळ्याचा लाल रंग ओसरला, डोकं मातकट झालं. आनंदीबाईनं वाकून खांबाचं बूड पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"अवो, मंग गरीब कुठं गेला?"

"त्यो येगळा नव्हताच," आबाजी म्हणाला. "तूच दगड मारून त्याला गरीब करतेस."

संध्याकाळी दोन पोरं भांडत दारात आली. एक रडत होता. आनंदीबाईनं दोघांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "काय झालं?"