झाकणाच्या आतलं कुंकू

गुन्हेगार कितीही चलाख असो, जाताना मागे एखादी खूण ठेवतोच. हे वाक्य मी पोलीस प्रशिक्षणात ऐकलं, पुढे अधिकारी झाल्यावर तीन-चार शाळांच्या स्नेहसंमेलनांत गंभीर चेहऱ्याने ऐकवलं आणि त्याबद्दल प्रत्येक ठिकाणी एक शाल व एक नारळ स्वीकारला. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कुपवाड भागात एक प्रकरण हाताळलं, तेव्हापासून ते वाक्य मी म्हणत नाही. त्या गुन्हेगाराने मागे काहीही ठेवलं नव्हतं.

प्रकरणाची सुरुवात एका बँकेच्या तक्रारी अर्जाने झाली. कुपवाडच्या एका बाईंनी गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर काढण्यासाठी कर्ज घेतलं होतं. अशा कर्जाची पद्धत सरळ असते. मशीन विकणारा कोटेशन देतो, बँक पैसे थेट त्याच्या खात्यावर टाकते, मशीन जागेवर आलं की बँकेचा माणूस येऊन पाहतो आणि कर्जदाराला शेजारी उभं करून फोटो काढतो. मशीन बँकेकडे नजरगहाण राहतं. म्हणजे असतं कर्जदाराकडे, पण विकता येत नाही. काही महिन्यांनी हप्ते थकले म्हणून बँकेचा माणूस पुन्हा गेला, तर जागेवर मशीन नाही. बाईंनी बांधलेला रॅम्प होता, बोअर होतं, पत्र्याची शेड होती. रॅम्पवर शेजारणींनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"बाईनं मशीन परस्पर विकलंय. सरळ केस आहे," शाखाधिकारी म्हणाले. सरळ केस हे शब्द मी नोकरीत अनेकदा ऐकले. बहुतेक वेळा ते अशा माणसाने उच्चारले, ज्याला लवकर घरी जायचं होतं.

बाईंना चौकशीला बोलावलं. वय चाळिशीचं. एका कारखान्यात प्रेसवर काम करताना उजव्या हाताची अनामिका अर्धी गेली होती. त्या बोटाची जी भरपाई मिळाली, ती त्यांनी रॅम्प आणि बोअरमध्ये घातली. कर्जाला राहतं दोन खोल्यांचं घर तारण होतं. गुन्हा दाखल झाला असता तर अटक, मग कारखान्यातली नोकरी आणि शेवटी घर, सगळंच गेलं असतं.

"मशीन कुठं आहे?"

"ज्यानं विकलं त्यानंच नेलं, साहेब. मोटर सदोष हाय म्हणाला, कंपनी बदलून देणार. आठ दिवसांत आणतो म्हणाला."

"पावती?"

"न्हाई दिली."

"बँकेला का नाही सांगितलं?"

बाईंनी मान खाली घातली. "त्योच म्हणाला, नजरगहाण माल जागेवरनं हलला म्हंजी गुन्हा हाय, तुमीच आत जाल. तवर हप्ते मी भरतो. दोन भरलं बी त्यानं. मला वाटलं, चांगला माणूस हाय."

लोक पोलिसाला भितात हे मला माहीत होतं. ती भीती भाड्याने वापरता येते, हे तेव्हा कळलं.

विक्रेता साताऱ्याचा. बोलावल्यावर पांढऱ्या गाडीतून आला. त्याने दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावर 'उद्योगभूषण' छापलं होतं. तो सन्मान देणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष तोच होता. त्याने 'माल मिळाला' या शब्दांखाली बाईंची सही असलेलं चलन पुढे केलं.

"साहेब, बाईमाणूस आहे, गरज पडली असेल, विकलं असेल. मला तर वाईटच वाटतंय."

कागद त्याच्या बाजूने होते आणि बाईंच्या बाजूने फक्त बाई होत्या. वरून विचारणा सुरू झाली होती. खरं सांगायचं तर मी गुन्हा दाखल करण्याच्या बेतात होतो. ठाणे अंमलदाराला तसं सांगूनही ठेवलं होतं.

बाई रोज कारखान्यातली पाळी बुडवून येत आणि ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसत. त्या दिवशी कवठे महांकाळचा एक टेम्पोवाला दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याचं लायसन हरवलं होतं आणि दाखला हवा होता. बाईंना पाहून तो थांबला.

"ताई, तुमी हितं? मशीन आलं का परत?"

आमचे हवालदार शेजारीच फॉर्म लिहीत होते. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठलं मशीन रं?"

"गाड्या धुवायचं. मीच न्हेलं की ह्यांच्या शेडमधनं. तिथनं आमच्या कवठ्याला टाकलं, महिन्यानं उचललं, आता आष्ट्याला टाकलंय. त्या मशीननं माझ्यापरास जास्त गावं बघितल्यात, हवालदारसाहेब."

"आणि तुला कायबी वाटलं न्हाई?"

"मला वाटलं, भाड्यानं देत आसत्याल. मांडववाले न्हाईत का देत?"

टेम्पोवाल्याचा जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आष्ट्याला निघालो. बाईंना सोबत घेतलं.

आष्ट्याला शेड नवी होती आणि मशीनला झेंडूचा हार होता. बँकेच्या माणसाची पाहणी दोन दिवसांवर होती. बँक वेगळी, कर्जदार वेगळा. विक्रेत्यालाही बोलावून घेतलं होतं. तो मुळीच घाबरला नाही. मशीनवरची नंबरपट्टी त्याने दाखवली, ती आष्ट्याच्या कागदांशी तंतोतंत जुळत होती. रंग ताजा होता. कुपवाडच्या बँकेची नजरगहाणाची पट्टी कुठेच नव्हती.

"एकाच कारखान्याची मशिनं एकसारखीच दिसणार ना, साहेब," तो म्हणाला. "जुळी भावंडं समजा."

पंच म्हणून घेतलेल्या दोन दुकानदारांनी घड्याळ पाहिलं. मी नंबरपट्टी पुन्हा एकदा कागदांशी ताडून पाहिली. तेव्हा बाई पुढे आल्या.

"झाकण काढा."

"कशासाठी?"

"मी पूजा केली तवा कुंकू आतनं लावलंय. पाण्याचं मशीन हाय, भायेर लावलं तर आठ दिसांत धुवून जाईल. म्हणून तेलात कालवून झाकणाच्या आतल्या बाजूला हात उठवला."

नवीन यंत्राला कुंकवाचा हात आपल्याकडे सगळेच उठवतात. विक्रेत्यालाही ते माहीत होतं. दर वेळी तो बाहेरचं सगळं पुसून रंग मारत असे. पण पूजा करताना पुढच्या धुण्याचा विचार करणारी बाई त्याच्या हिशेबात नव्हती.

चार स्क्रू काढले. झाकण उलटं केलं. आत लाल पंजा होता. चार बोटं पूर्ण, एक अर्धं.

पंचनाम्यात तसंच लिहिलं. तरीही विक्रेता म्हणाला, "कुंकू काय, कुणीही लावतं."

हवालदार शांतपणे म्हणाले, "लावत्यात की. पर त्यासाठी बोट कोण तोडून घेत न्हाई, गड्या."

बाईंनी हात पुढे केला आणि पंजापासून वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला. टेकवला नाही. पुरावा आहे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या शेडच्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं आणि विचारलं, "साहेब, उद्या पाळीला गेलं तर चालंल का?"

"जा," मी म्हणालो. त्या नोकरीत मला बोलायला मिळालेला हा सर्वांत सुखाचा शब्द असावा. पेन्शन मंजूर झाल्यावरसुद्धा इतकं हलकं वाटलं नाही.

पुढचं रीतसर झालं. बाईंविरुद्धचा अर्ज निकाली काढला, त्यांच्याच फिर्यादीवरून विक्रेत्यावर गुन्हा नोंदवला. कवठे महांकाळचा कर्जदार अटकेच्या भीतीने गप्प बसला होता, तोही पुढे आला. आष्ट्याच्या कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यातच गोठवली, त्यामुळे त्या माणसाचं नुकसान होण्याआधीच थांबलं. अंगुलीमुद्रा विभागाच्या अहवालात ठसा बाईंचाच निघाला. विक्रेत्याने ठाण्यातल्या खुर्चीवर बसून अर्धा तास सचोटीवर भाषण दिलं आणि मग एकच मशीन दाखवून तीन कर्जांचे पैसे कसे उचलले ते सांगितलं. शाखाधिकाऱ्यांनी बाईंच्या हप्त्यांना मुदत वाढवून दिली आणि हीही केस सरळच होती, असं म्हणाले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? गुन्हेगार खूण ठेवतो यावर विसंबू नये. कष्टाच्या वस्तूवर कष्ट करणाऱ्याने ठेवलेली खूण शोधावी. कागद विचारण्याआधी माणसाला विचारावं, की ही वस्तू घरी आली त्या दिवशी तुम्ही काय केलंत. आणि माणसं घाबरून गप्प बसतात तेव्हा त्यांना घाबरवतो कोण, तेही बघावं. पुष्कळदा तिथे आपलीच टोपी दिसते.

खटला अजून चालू आहे. मशीन न्यायालयाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, बाईंच्या ताब्यात दिलं, ठसा पुसायचा नाही या अटीवर. सेंटर जोरात चालतं, माझी गाडी मी तिथेच नेतो, रांगेत थांबावं लागतं. तिथे सगळं काही धुऊन निघतं, फक्त त्या मशीनच्या झाकणाची आतली बाजू कोर्टाच्या हुकमाने धुता येत नाही.