सगळे शांतपणे जातात

आमच्या गावात कोणी मेलं की त्याचं मरण आइसेआकाका लिहितो. चर्चचा चिटणीस तोच आणि देखणं अक्षरही त्याचंच. अर्धं गाव ऑकलंडला. दर मयताला टोंगाला परतायचं म्हणजे थट्टा आहे? मग काका नाकातून गुणगुणत लिहून पाठवतो : "पहाटेच्या वेळी, स्तोत्र म्हणत, लेकरांची नावं घेत ते शांतपणे निजले." भांडखोर मोआलाही त्याने असंच निजवलं. मोआ नारळाच्या झाडावरून पडला होता. स्तोत्राला वेळ कुठला? त्याला वेळ मिळाला असता तर त्याने झाडाला शिव्या घातल्या असत्या. पण ऑकलंडातली त्याची मुलं ते पत्र बायबलात ठेवतात, आणि बायको दर रविवारी काकाकडे अळूच्या पानातलं मटण पाठवते.

कालोआजीचंही पत्र असंच गेलं. तिची लेक लोसे तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. स्वतःच्या आईसाठी तिला सुट्टी मिळाली नाही. पत्र वाचून ती रडली, सावरली. आठ महिन्यांनी तिच्या भाच्याने फोनमधले जुने फोटो पाठवले. त्यात एक आजीच्या शेवटच्या दिवसाचा होता. तोंड वाकडं वासलेलं, मूठ चटईत रुतलेली, शेजारी कोणी नाही.

लोसे मिळेल त्या विमानाने, मग बोटीने आली आणि सामान धक्क्यावर टाकून थेट चर्चच्या बैठकीत शिरली. फोन काकाच्या नाकाशी धरून म्हणाली, "काका, ही निजलीय का हो?"

सगळी कमिटी आपापले अंगठे बघायला लागली.

"पोरी, फोटो म्हणजे कसं... एका क्षणाचा असतो तो."

"आणि तुमचं पत्र? ते कुठल्या क्षणाचं?"

दुसऱ्या सकाळी काका फाटकी चटई कमरेला गुंडाळून, गळ्यात चेस्टनटच्या पानांची माळ घालून लोसेच्या अंगणात मान खाली घालून बसला. गावाला वाटलं, मिटलं. अशी पानं घालून माफी मागायला आलेल्या माणसाला कोणी ताटकळत ठेवत नाही. ज्याचा अपराध केला त्याने माळ काढायची, की झालं. पण लोसे उंबऱ्यातच उभी. ऊन चढलं.

"काढ गं ती पानं," तिची लुपेआत्या आतून ओरडली. "भट्टीतलं डुक्कर आहे का तो, भाजत ठेवायला?"

"आई एकटी मेली, आत्या."

"एकटी? अगं, तिचे पाय माझ्या मांडीवर होते! त्या कार्ट्याने फोटोतून मला कापलं, त्याला मी काय करू?"

लोसे वळली. "मग तूच सांग. तिने मला हाक मारली होती?"

आमच्याकडे बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा; जिच्यापुढे घरातले बाप्येही मान वर करत नाहीत, ती आत्या पदराशी चाळा केल्यासारखी चटईचे धागे ओढू लागली. "त्याला विचार. लिहिणारा तो."

लोसे पायरी उतरून काकासमोर मातीत बसली. "सांगा."

काकाचा आवाज या खेपेला नाकातून आला नाही. "मी तिथे नव्हतो, पोरी. दोन दिवस ती ओरडत होती. माझं घर शेजारी. ऐकवेना, म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसलो. पत्र तिथेच लिहिलं."

"आणि हाक?"

"मारत होती."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तर किनाऱ्यावर."

"तिथपर्यंत ऐकू येत होतं."

आत्याने आतून दार लोटून घेतलं. लोसेने फोनवरचा फोटो उघडला आणि बराच वेळ त्या वासलेल्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठून घरातून वही आणि पेन आणलं, काकाच्या मांडीवर ठेवलं.

"लिहा."

"कोणाला पाठवायचंय?"

"मला."

काकाने दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. घाम पानांवरून वहीत ठिबकत होता.

"लोसे, अगोदर ही माळ तरी काढ."

"लिहून होऊ दे," ती म्हणाली आणि उन्हातच त्याच्या शेजारी बसून राहिली.