फ्रीजरमधला ताईचा कप्पा

"बर्फ जमलाय का गं?" दवाखान्यात सुधाताईनं मला विचारलेलं हे शेवटचं. मी मान हलवली. तिनं समाधानानं डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला आता महिना होऊन गेला.

सुधाताई माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. जंतूंची जनुकं एकमेकांशी ताडून बघायची आणि साथ कुठून आली, कुठं चाललीय याचा माग काढायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. सासरे लोकांच्या पत्रिका जुळवायचे. ही जंतूंचं गोत्र काढते, असं आम्ही चिडवायचो. नमुन्यांच्या पेटीत ठेवायच्या बर्फाच्या निळ्या पिशव्या कायम आमच्या फ्रीजरमध्ये. भर उन्हाळ्यात कुल्फीला जागा नसायची. मी कुरकुरले की म्हणायची, "साथ काय सांगून येते?"

एका उन्हाळ्यात शहरातल्या एका गल्लीत लेकरांना जुलाब सुरू झाले. ताईबरोबर मीही गेले. तिच्या हातातली पेटी बघून बायकांना वाटलं, पोलिओचा डोस आला. लेकरं कडेवर घेऊन रांगच लागली. ताईनं कुणाला परत पाठवलं नाही, प्रत्येकीला लेकराच्या पोटाचं विचारत, जुलाबाचे नमुने घेत बसली. पण नळाचं पाणी घ्यायला गेली तेव्हा किराणा दुकानवाले भानुदासमामा आडवे आले.

"ताई, गल्ली लई बदनाम होईल. मग इथं सौद्याला कोण येतंय?"

"मामा, मी जंतूचं खानदान शोधतेय, तुमचं नाही. गल्लीचं नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

मामांनी स्वतः नळ सोडला. लेकरांच्या पोटातला जंतू आणि नळातला जंतू एकाच कुळातले निघाले. फुटलेली पाइपलाइन दुरुस्त झाली, लेकरं बरी झाली. ताईनं शब्द पाळला, म्हणून गल्ली कुठली ते मीही इथं लिहीत नाही, मामांचं नावही बदललंय.

परवा मामांचा फोन आला. "ताई हायेत का? नळाला पुन्हा वास येतोय." त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं. मामा हळूच म्हणाले, "मग आता कोण येनार, वहिनी?"

मला रडू आवरेना. डोळे पुसून ताईच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिची विद्यार्थिनी म्हणाली, "लगेच निघते काकू, पण इथला फ्रीज बंद होता, आत्ताच सुरू केलाय. बर्फ जमायला वेळ लागेल."

"जमलेलाच आहे," मी म्हटलं आणि फ्रीजर उघडला.