पोते काट्यावर चढेपर्यंत

भोंग्याला हळू बोलता येत नसे. देवळात नाही, दवाखान्यात नाही, मयतीतही नाही. आमच्या गल्लीतल्या एका वृद्धाच्या अंत्ययात्रेत त्याने शेजारच्या माणसाच्या कानात "लई चांगला माणूस व्हता" एवढेच म्हटले. ते पुढे चाललेल्या भजनी मंडळाला ऐकू गेले आणि टाळ थांबवून सगळ्यांनी मागे वळून पाहिले. मी रागावलो. तो म्हणाला, "अप्पा, मी कुजबुजलोच की." त्याचे म्हणणे खरे होते. त्याची कुजबुज तेवढीच असे.

नाव व्यंकट. गाव देगलूर. घरात आईची तेलुगू, बापाची कन्नड मिसळलेली मराठी, दाराबाहेर पडले की दखनी. लातूरच्या मार्केट यार्डात माझी आडत आहे. शेतकरी माल आणतात, खरेदीदार ढिगाभोवती जमतात, सौदा पुकारला जातो आणि भाव पटला की पोती काट्यावर चढतात. पुकारायला खणखणीत गळा लागतो. आमचा जुना पुकारणारा घशाच्या दुखण्याने घरी बसला, तेव्हा मैनोद्दीन हमालाने या तरुणाला माझ्या गादीसमोर आणून उभे केले. "अप्पा, इसकू रखो. गला नक्को बोलो, भोंगा है भोंगा." नोकरी आणि नाव दोन्ही त्याला तिथेच मिळाले.

पहिल्याच दिवशी त्याने सौद्याला चाल लावली. आधीचे पुकारणारे भाव सांगत. हा ढिगावर चढून दोन्ही हात हलवीत म्हणू लागला, "लाल तूर, गोल तूर, हात घाल, भाव बोल, नुसता बघत राहशील तर घरी काय सांगशील, बोल!" खरेदीदार हसले. मग त्यांचे पाय ताल धरू लागले. शेजारच्या आडतीवरचे लोक काम टाकून आमच्या ढिगापाशी येऊ लागले. भाव थांबला की मी गादीवरून म्हणत असे, "बास. पुढं." म्हणजे हा सौदा संपला, पुढचा ढीग घ्या. एकदा मी असे म्हटले की पुन्हा पुकारा होत नाही. ही माझ्या आडतीची शिस्त आहे आणि ती मी कोणासाठी मोडलेली नाही. भोंगा माझ्या या दोन शब्दांवरही टाळी वाजवी. मला ते आवडत नसे, हे मी त्याला सांगितले होते.

तो रॅप करतो, हे मला मैनोद्दीनकडून कळले. रॅप म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हते. आज माहीत आहे, पण समजते असे म्हणणार नाही. मी विचारले, तेव्हा त्याने आमच्याच भाषेत सांगितले. "अप्पा, रॅपवाले दोन जातीचे. एक कंपनीचे, एक सोताचे. कंपनीवाल्याचं गाणं कंपनी ठरवती, कपडे बी तीच ठरवती. आमचं आमी ठरवतो."

"म्हणजे एक आडतीवर माल घालतो आणि दुसरा रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसतो."

"हाव. असंच."

"कडेला बसणाऱ्याचा माल उन्हात वाळतो."

"वाळू द्या की. तूर वाळल्याबिगर टिकती व्हय?"

मी त्याला कामाला पाठवले. 

अमावास्येला आमचे यार्ड बंद असते. जुना रिवाज आहे. एका अमावास्येला मी हिशेबाच्या कामासाठी दुकानात आलो, तर गोदामातून आवाज येत होता. आत पाहिले. तुरीच्या पोत्यांची थप्पी मोडून मैनोद्दीनने चारी बाजूंनी पोत्यांची खोली उभी केली होती. मध्ये भोंगा मोबाइलसमोर उभा राहून हातवारे करीत होता. "अप्पा, पोती आवाज पितात. घुमत न्हाई," त्याने समजावले. मैनोद्दीन अभिमानाने म्हणाला, "स्टुडिओ है, अप्पा." ती थप्पी विकलेल्या मालाची होती. तिचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात लागला, तेव्हा खोली अजून उभीच होती आणि आतून भोंगा ओरडत होता, "थप्पी हलवू नका! गाणं चालू हाय!" ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही. मी काही वेळ थांबलो. मग पोत्यांच्या वरून डोकावून म्हणालो, "बास. पुढं."

हे सगळे त्या गाण्यात आले. गाण्याचे नाव 'काटा'. त्यात सौद्याचा पुकारा आहे. मैनोद्दीन "बाजू हो रे, पीठ पे बोरा है" म्हणतो ते आहे. भोंग्याची आई फोनवर "बुव्वा तिन रा" म्हणते ते आहे; जेवून घे, असा त्याचा अर्थ. ट्रकचा हॉर्न आहे. आणि शेवटी कोणी एक म्हातारा त्रासून "बास. पुढं" म्हणतो. गाणे मोबाइलवरून गावोगाव गेले. माझ्या सौभाग्यवतींनी ते ऐकून मला म्हटले, "घरी बी असंच बोलता की. कुणी पेटीत भरलं न्हाई कधी." मी जेवायला वाढा म्हणालो.

मग मुंबईची कंपनी आली. कंपनी म्हणजे एक गृहस्थ, पांढऱ्या बुटांचे. ते ऐन सौद्याच्या वेळी यार्डात उतरले, आणि मापाड्यांनी भुशाचे घमेले झटकल्यावर बूट तुरीच्या रंगाचे झाले. त्यांना 'काटा' हवे होते. कंपनी ते नव्याने करील, मोठ्या पडद्यावर दाखवील, भोंग्याला देशभर ओळख मिळेल. मोबदला चांगला होता. नाव मात्र बदलावे लागेल, भोंगा चालणार नाही, 'व्ही-केट' चालेल. मैनोद्दीनने ते नाव जिभेवर फिरवून पाहिले आणि म्हणाला, "बिल्ली कू बुला रैं क्या?" गृहस्थ हसले नाहीत.

भोंगा माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याचा आवाज थोडा खाली होता. शेजारच्या दुकानात गेला नसेल. "अप्पा, काय करू? जाऊ का न्हाई? आमची पोरं म्हनतात, गेला तर इकला गेला."

"माल विकायलाच पिकवतात," मी म्हणालो. "जा."

"अन माल बिघडवला तर?"

"मग तू बघ. माल तुझा आहे."

मी जा म्हटले. आजही म्हणेन. गावात बसून मोठ्या बाजाराला नावे ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. सही गाणे तयार झाल्यावर करायची, तोंडी होकार देऊन जायचे, असे ठरले. अडीअडचणीला घरचा माणूस म्हणून त्याने माझा फोन नंबर दिला. हे मला नंतर कळले.

काही दिवसांनी दुपारी फोन आला. पांढऱ्या बुटांचे गृहस्थ तापले होते. गाणे तयार आहे, सगळी माणसे बसली आहेत आणि तुमचा मुलगा सही करीत नाही. भलतेच काही बोलतो आहे. पोते, काटा, शेतकरी. "सर, आप समझाइए उसे. वो हाँ बोल चुका था."

आमच्या यार्डात एक रिवाज आहे. भाव लागला, पुकारा झाला, मी "बास" म्हटले, तरी पोते काट्यावर चढेपर्यंत माल शेतकऱ्याचा असतो. भाव मनास आला नाही, तर तो पोते उचलून गाडीत टाकू शकतो. त्याला कोणी अडवीत नाही. असे शेतकरी मला कधी आवडले नाहीत. सगळी मेहनत वाया जाते, खरेदीदार तोंड वाकडे करतो आणि आडत्याच्या हाती काही लागत नाही. पण मी आजवर एकाचेही पोते धरून ठेवलेले नाही.

"दस्तखत हुई क्या?" मी विचारले.

"नहीं, वही तो—"

"तो माल उसका है. हमारे यार्ड में ऐसाच है."

पलीकडे कोणीतरी कुजबुजत विचारले, "अप्पा काय म्हनले?" ते मला लातुरात गादीवर स्पष्ट ऐकू आले. मग फोन बंद झाला.

तो परत आला तो थेट यार्डात. पिशवी खाली ठेवली आणि ढिगावर चढला. सौदा आटोपल्यावर मैनोद्दीनने त्याला गादीसमोर बसवले. "अब बोल. क्या हुआ?"

"चाचा, तिथं बी थप्पीच हाय. फकस्त पोत्याऐवजी भिंतीला स्पंज. माणसं वाईट न्हाईत. चहा लई पाजला." मग तो माझ्याकडे वळला. "अप्पा, त्यांनी गाणं चाळायला घेतलं. म्हनले, गावठी शब्द काढू. काढले. मग आईचं काढलं. चाचाचं काढलं. हॉर्न काढला. मग म्हनले, ये बूढ़ा कौन है, इसको भी निकालो. चाळणी आपुन बी मारतो की. खडे खाली पडतात, तूर वर राहती. त्यांनी तूर फेकून पोतं ठेवून घेतलं."

"माझा आवाज काढला असता तर काही बिघडले नसते," मी म्हणालो.

"मग गाणं संपलं कुठं ते कसं कळणार, अप्पा?"

मैनोद्दीन गडगडून हसला. यार्डभर बातमी झाली की भोंग्याने मुंबईच्या काट्याजवळून पोते उचलून आणले. त्या आठवड्यात शेतकरी त्याला पाहायला येत. एकाने तर त्याच्या पाठीवर थाप मारून आपलाही भाव नाकारला आणि पोती गाडीत टाकली. मला बोलावे लागले. "भोंग्या, हे गाणे पुरे. इथे आडत चालवायची आहे."

पुढे त्याने नोकरी सोडली. ते होणारच होते. नांदेडला मित्रांबरोबर त्याने एक खोली घेतली. कंधार, उमरी, देगलूरकडच्या पोरापोरींना गाणी भरायला लातूरपेक्षा नांदेड जवळ पडते. तिथे ज्याची भाषा त्याने वापरायची, चाळणी मारायची नाही, एवढा एक नियम. निरोप घ्यायला आला तेव्हा वाकून नमस्कार केला आणि काही बोलला नाही. भोंगा बोलला नाही, हे मी प्रथमच पाहिले. मी म्हणालो, "गळा जप." मैनोद्दीन बाहेर जाऊन रिकामी पोती झटकू लागला. त्या पोत्यांत धूळ नव्हती.

नव्या पुकारणाऱ्याचा गळा बरा आहे. भाव नीट सांगतो. खरेदीदारांचे पाय स्थिर असतात.

खोलीच्या उद्घाटनाचे आमंत्रण आले. दिवस पाहिला तर अमावास्या. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अमुशाला कोण शुभकार्य करतं? आईनं बी सांगितलं न्हाई का त्याला?" मी फोन केला. तो म्हणाला, "सगळे हेच इचारून राहिले, अप्पा. गुरुजी तर यायलाच तयार न्हाईत. पर तुमाला सुट्टी त्याच दिवशी असती ना." मी फोन ठेवला. धोतर इस्त्रीला पाठवले.

मी आणि मैनोद्दीन बसने नांदेडला गेलो. खोली लहान होती. तीन भिंतींना पोती टांगली होती; आमच्याच आडतीचा शिक्का असलेली. कधी नेली ते मैनोद्दीनला माहीत असावे, कारण तो छताकडे पाहत होता. भोंग्याची आई एका कोपऱ्यात लाडू वाटत होती. माणसे खोलीत मावेनात, म्हणून सगळे रस्त्यावर आले. मला खुर्ची दिली. पोरापोरींनी आपापली गाणी म्हटली. कोणाची मराठी, कोणाची दखनी, एकीची सबंध तेलुगू. मला निम्मे कळले. लोक उड्या मारीत होते. त्यात मैनोद्दीनही होता, ज्याची पाठ दोन वर्षांपासून दुखते.

शेवटी भोंग्याने 'काटा' घेतले. आईचे वाक्य आले तेव्हा सगळ्या रस्त्याने ते आईकडे पाहून म्हटले. मैनोद्दीनचे मैनोद्दीनने स्वतः म्हटले. शेवटच्या जागी भोंगा थांबला, माइक घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला आणि खाली बसला. "अप्पा, म्हना की."

ज्यांनी मला कधी पाहिले नव्हते, ती सगळी तरुण तोंडे माझ्या दोन शब्दांसाठी थांबली होती.

मी म्हणालो, "पुन्हा म्हण."

पुढे काय गोंगाट झाला ते लिहीत नाही. सौदा संपल्यावर मी दुसऱ्यांदा पुकारा कधी करू देत नाही, हे माझ्या आडतीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी अमावास्या होती. यार्ड बंद होते.