शुभदाची नदी

काल दाराला रंग देताना टर्पेंटाईनचा वास आला आणि मला डिचोलीतला चित्रकलेचा क्लास आठवला. बाईंनी शांत नदीतल्या होड्यांचं जुनं विलायती चित्र नकलेसाठी ठेवलं होतं. माझे बाबा नार्व्याला होडी चालवायचे, तरी माझं पाणी नुसतं निळंच राहिलं. मये गावच्या शुभदाचं पाणी मात्र संध्याकाळच्या उजेडात हलत होतं. बाई तिच्यापाशीच थांबल्या.

"कशा झाल्यात गो होड्या?" तिनं मला विश्वासानं विचारलं.

"बुडतात तशा दिसतात," मी म्हटलं.

होडीवाल्याच्या मुलीचं तिला खरं वाटलं. तिनं सगळ्या होड्या टर्पेंटाईननं पुसल्या.

बाईंनी ती रिकामी नदी भिंतीवर लावली. ती आणखीच सुंदर दिसत होती. खोटं बोलल्याची आज लाज वाटते, पण हेवा काही गेलेला नाही.