क्षची किंमत

काचेच्या कारखान्यात आक्का कडा घासायची. उस्ताद काच कापून द्यायचा आणि ती फिरत्या दगडावर पाणी सोडून तिची धार मोडायची. सोळा वर्षांत तिच्या हातून टवका उडाला नव्हता.

एका उतरत्या छपरासाठी सहा त्रिकोणी काचा गेल्या आणि सहाच्या सहा परत आल्या. उभ्या बाजूला दोन सेंटीमीटर तोकड्या. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा उस्ताद पापणीही न हलवता म्हणाला, "मी बरोबर दिल्या होत्या. आक्कानं घासून खाल्ल्या."

"मी नाही खाल्ल्या," आक्का म्हणाली.

त्यानं छपराच्या नकाशाचा कागद तिच्यापुढे धरला. "मग हे वाच आणि चूक दाखव."

आक्कानं शाळा सातवीत सोडलेली. ती कागदाकडे नुसती बघत राहिली. कोणीतरी फिसकन हसलं. मालकीणबाईंनी तिला दगडावरून उठवलं आणि आठ आठवडे काचेचा चुरा झाडायला लावलं.

नणंद घरी शिकवण्या घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का तिच्यासमोर जाऊन बसली. "वन्सं, मला गणित शिकवा."

"या वयात? कशाला, वहिनी?"

"एकाला धडा शिकवायचाय."

मग रोज कामाआधी तासभर वही उघडायची. सुरुवात समीकरणांनी झाली. "क्ष म्हणजे ज्याची किंमत आपल्याला ठाऊक नाही तो," नणंद म्हणाली.

"मला ठाऊक आहे," आक्का म्हणाली. त्या दिवसापासून क्ष म्हणजे उस्ताद. त्याच्या आजूबाजूचे आकडे एकेक करून पलीकडे हाकलायचे, त्याला एकटा पाडायचा आणि मग त्याची किंमत काढायची. उत्तर उणे आलं की तिचा दिवस झकास जायचा. सुरुवातीला ती चिन्ह बदलायला विसरायची, मग नणंद तेच गणित दहादा करायला लावायची. आक्का बारा वेळा करायची.

सातव्या आठवड्यात काटकोन त्रिकोण आला. काटकोनाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे तिरक्या बाजूचा, कर्णाचा वर्ग. जेवणाच्या सुट्टीत तिनं फायलीतला तो नकाशा काढला. आडवी वीस, उभी नव्व्याण्णव. चारशे अधिक नऊ हजार आठशे एक. कर्ण एकशे एक यायला हवा होता. परत आलेल्या काचा मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिनं टेप लावला. आडवी बरोबर वीस, तिरकी नव्व्याण्णव. सहाही काचांची तीच.

तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. पण ती शनिवारपर्यंत थांबली. शनिवारी सकाळी पुढच्या कामांची वाटणी असायची, सगळे हजर असायचे. तिनं परत आलेली एक काच टेबलावर आणून ठेवली.

"उस्ताद, एक गणित अडलंय. ही तिरकी बाजू मोजता का?"

तो हसत हसत टेप घेऊन वाकला. "नव्व्याण्णव."

"नकाशात नव्व्याण्णव कुठली आहे?"

आक्कानं नकाशा त्याच्यापुढे धरला. मालकीणबाईंनी कागद ओढून घेतला.

"उभी आहे," आक्का म्हणाली. "तुम्ही ती तिरकी धरून कापलीत. मी घासून खाल्लं असतं, तर सहाही काचांत नेमकं नव्व्याण्णवच उरलं असतं का? आणि आडवी वीसची वीस कशी राहिली?"

आता कोणी हसलं नाही. उस्ताद पुटपुटला, "चुकलं माझं, आक्का."

"माफी नको," ती मालकीणबाईंकडे वळून म्हणाली. "त्यांना झाडू द्या. आठ आठवडे."

झाडू मिळाला. आक्का उस्तादाच्या आखणीच्या टेबलावर बसली आणि उस्ताद खाली चुरा झाडू लागला. त्याचं झाडून झालं की ती ओलं फडकं फिरवायची आणि फडक्याला चिकटलेले कण त्याच्यासमोर धरायची. पाचव्या आठवड्यात मालकीणबाई म्हणाल्या, "पुरे आता." आक्का म्हणाली, "तीन उरलेत."

सहाव्या आठवड्यात उस्ताद न सांगता काम सोडून गेला. त्या दिवशी घरी येऊन तिनं पिशवी आपटली.

"जिंकलात की, वहिनी," नणंद म्हणाली.

"सुटला तो," आक्का म्हणाली आणि रात्री नीट जेवलीही नाही.